अकरा बाद पत्रिका

बाई, परवा दुपारी माझ्या हाताखाली प्रबंध करणारी एक मुलगी पत्रिकांचा गठ्ठा घेऊन कॉलेजात आली. समायोजन चाचणीच्या पत्रिका. मूल शाळेत कितपत रमतं, शिक्षकांची भीती वाटते का, वर्गात सोबती आहेत का, अशी विधानं आणि प्रत्येकापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन रकाने. हे सगळं मी तुम्हाला एकदा तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून समजावून सांगितलं होतं आणि तुम्ही भाकरी थापता थापता ऐकलं होतं. ती मुलगी म्हणाली, “मॅडम, सात पोरांनी दोन्ही रकान्यांत खुणा केल्यात. बाद करते मी.” ती विचारत नव्हती, सांगत होती. चाचणीच्या पुस्तिकेत तसा नियमच आहे. मी म्हणाले, “ठेवून जा, उद्या बोलू.” तो उद्याही होऊन गेला. आज ती दोनदा डोकावली आणि दोन्ही वेळा मी कामात असल्याचं दाखवलं. तुम्हाला जाऊन आता दहा वर्षं होतील. तरी हे तुम्हालाच सांगायला हवं, कारण तुम्ही मला ज्या चुकीची माफी दिलीत ती चूक मी केलीच नव्हती. केली ती वेगळी होती.

चौथीत तुम्ही आम्हाला खोडरबर आणू द्यायचा नाहीत. एकदा मी शाईचं उत्तर थुंकी लावून बोटानं पुसलं, कागदाला भोक पडलं. तुम्ही ती वही सगळ्या वर्गासमोर खिडकीकडे धरलीत, भोकाला डोळा लावलात आणि म्हणालात, “मला ह्यातून चिंचेचं झाड दिसायलंय. तुझी चूक कुठं गेली ते सांग.” पोरं हसून हसून लोळली. मी रडले. मग हळू आवाजात म्हणालात, “चुकलं तर एक आडवी रेघ मार. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे.” त्याच वर्षाअखेर तुम्ही मला खतांच्या दुकानदाराकडून मिळालेली डायरी दिलीत, पुठ्ठ्यावर पोत्याचं चित्र होतं. “रोज चार ओळी लिही, खऱ्या लिही.” तेव्हापासून लिहिते आहे. खऱ्या लिहिते, असं आजवर मानत आले.

एम.एड.चे पेपर मी सोडवले होते, प्रबंध राहिला होता. अंबाजोगाईहून गेवराईला आणि तिथून दुसरी एसटी धरून मी आपल्या गावी आले ते प्रबंधाच्या चाचणीसाठी तुमची शाळा मिळेल या भरवशावर. त्या दोन-चार वर्षांत सगळंच बदलत होतं. गावात एसटीडीचं पिवळं खोकं आलं होतं, तलवाड्याच्या बाजाराला जाणाऱ्या जीपमध्ये लोक डिशच्या चॅनेलांबद्दल बोलायचे, आणि तालुक्या-तालुक्याला विनाअनुदानित कॉलेजं निघत होती. त्यातल्याच एका कॉलेजात दिवाळीनंतर एक जागा भरणार होते. प्रबंध हातात असेल तर ती माझी, असं मला सांगण्यात आलं होतं. मला ती जागा हवी होती, बाई. किती हवी होती ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

तुम्हाला काय हवं होतं ते मात्र तुम्ही पहिल्याच संध्याकाळी सांगितलंत. पाचवी ते सातवीतली अकरा पोरं दर दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर जात आणि गुढीपाडव्यानंतर परत येत. आली की वर्गात पाहुण्यासारखी दाराशी बसत. शाळेच्या मागच्या खोलीतली मोडकी बाकं बाहेर काढून तुम्ही तिला स्वतः चुना दिला होता. हंगामात ही पोरं तिथं राहतील, धान्य गाव देईल, रात्रीला तुम्ही स्वतः झोपाल, असं सगळं ठरवलं होतंत. अडलं होतं ते तालुक्याच्या शिक्षणाधिकारी साहेबांच्या परवानगीवर. साहेब म्हणाले होते, या पोरांचं नेमकं काय बिघडतं याचा लेखी आधार आणा. “आधार माझी पोरगी लिहायलीय,” असं तुम्ही त्यांना सांगून आला होतात. मला हे सांगताना तुमच्या हातात कालथा होता आणि चेहरा असा काही उजळलेला, की मी मान खाली घालून आमटी भुरकत राहिले.

चाचणीच्या वेळी वर्गशिक्षकानं वर्गात थांबायचं नसतं, म्हणून तुम्ही त्या दिवशी बाहेर होतात. आत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. मी सूचना वाचते आहे: खरं तेच लिहा, यात चूक-बरोबर काही नसतं. एक पोरगा विचारतो, “ताई, चूक न्हाई बरोबर न्हाई, मंग मार्क कुटून देणार?” मागून कुणीतरी म्हणतं, “तुला तसंबी कुटं मिळतेत बे!” सगळे हसतात. दाराशी बसलेली सहावीतली ती मुलगी हसत नाही. तिची तुम्हाला आठवण करून द्यायला नको. भावाचा शर्ट परकरावर घालायची, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कोयत्याचा पांढरा वण होता, आणि तुम्ही म्हणायचात की हिला एक पूर्ण वर्ष वर्गात बसू द्या, मग बघा. ती पेन्सिल तोंडात धरून बराच वेळ पत्रिकेकडे बघते आणि मग म्हणते, “ताई, हे कुटलं इचारायलेत? हितलं का तिकडलं?” मी म्हणते, “तसं काही नाही. तुला वाटेल ते.” पुस्तिकेत म्हटलंय, मुलांना उत्तर सुचेल असं काही बोलू नये. मी बोलले नाही. ती खाली वाकून लिहायला लागते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गावर असताना मी व्हरांड्यात पत्रिका लावत बसले. सत्त्याण्णवपैकी अकरा पत्रिकांवर जागोजागी दोन्ही रकान्यांत खुणा होत्या. ‘मला वर्गात मैत्रिणी आहेत’, होय आणि नाही. ‘मला शाळेत यावंसं वाटतं’, होय आणि नाही. कुणाची अकरा पोरं ती, हे कळायला मला हजेरीपट बघावा लागला नाही. एसटीडीवरून मार्गदर्शक सरांना फोन लावला. ते म्हणाले, “पुस्तिकेत काय लिहिलंय?” “बाद समजाव्यात.” “मग मला कशाला विचारता?” त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मी जे सांगितलं त्यावर त्यांनी उत्तर दिलं. सगळं सांगितलं नव्हतं.

दसऱ्यानंतर प्रबंध बांधून आला. तुम्ही तो स्वच्छ टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलात. पुढची दोन पानं तेवढी वाचली होतीत, जिथं मी तुमचे आभार मानले होते. साहेबांच्या कचेरीत आपण दोघी लाकडी बाकावर बसलो आहोत. तुम्ही ठेवणीतलं लुगडं नेसला आहात. आत बोलावल्यावर तुम्ही टॉवेल सोडता, प्रबंध टेबलावर ठेवता आणि हात मांडीवर जोडून बसता. साहेब माणूस वाईट नव्हते. म्हणाले, “बाई, मला बी वाटतं काम व्हावं. पण वर कागद धाडायचा तर आधार लागतोय.” आणि पानं उलटायला लागले. मला पान माहीत आहे. मागून सातवं. ते मधली कोष्टकं ओलांडतात, अंगठा ओला करतात, पुढे जातात. मला अजून बोलता येण्यासारखं आहे. एक वाक्य पुरे: साहेब, ही अकरा मुलं यात नाहीत. पण ते वाक्य कचेरीत बोललं की ते प्रबंधातही लिहावं लागेल, टंकन पुन्हा, बांधणी पुन्हा, तोंडी परीक्षा आठ दिवसांवर, आणि जागा दुसऱ्याची. साहेबांनी मोठ्यानं वाचलं, “‘सदर शाळेतील शहाऐंशी विद्यार्थ्यांचे शालेय समायोजन समाधानकारक आढळले.’” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “तुमीच लिहिलंय ना? बरोबर हाय ना हे?”

मी म्हणाले, “होय.”

“मंग बाई, पोरं समाधानकारक हायेत तर खोली कशाला पायजे?” त्यांनी प्रबंध दोन्ही हातांनी तुमच्याकडे सरकवला, अगदी मानानं.

आपण स्टँडवर आलो. उसाच्या रसवाल्यानं विचारलं, “मावशी, देऊ का दोन?” तर तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत की तो बिचारा चरक पुसायला लागला. बाकावर बसल्यावर टॉवेलाची घडी करत म्हणालात, “सत्त्याण्णवातून शहाऐंशी गेले तर किती राहतेत?” चौथीतल्यासारखंच विचारलंत. मी म्हणाले, अकरा. “कुठं हायेत ते?” “पत्रिका बाद झाल्या. दोन-दोन खुणा होत्या.” “सगळ्यांच्याच?” “त्या अकरांच्याच.” तुम्ही घडी पुन्हा मोडलीत. मग ज्याची मला भीती होती ते विचारलंत. “तू इचारलं का सहावीतल्या त्या पोरीला? कावून केल्या दोन खुणा?”

मी म्हणाले, “नाही, बाई. राहून गेलं.”

 मला वाटलं, आता वही खिडकीकडे धरणार. पण तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, “लहान हायस अजून. इचारायचं राहून जातं माणसाचं. जाणून केलं नाहीस ना? मग झालं.” आणि एसटीत मला खिडकीची जागा दिलीत.

तुम्ही एकट्या पुन्हा साहेबांकडे जाऊन आलात, हे मला नंतर कळलं. लेखी कागदापुढे तोंडी सांगणं किती टिकणार? दिवाळी सरली आणि गावच्या वेशीत ट्रक लागले. मी तेव्हा नव्या कॉलेजात रुजू झाले होते. ती मुलगी ट्रकमध्ये पातेल्यांच्या गठुड्यावर बसून गेली, मांडीवर धाकटा भाऊ होता, असं तुम्हीच पत्रात कळवलंत. पाडव्यानंतर अकरापैकी नऊ परत आली. ती आली नाही. तिकडेच कारखान्याजवळ एका टोळीत तिचं लग्न लावून दिलं. त्या खोलीत पुन्हा बाकं गेली. आणि तुम्ही मात्र कोणी माझ्याबद्दल वावगं बोललं की म्हणायचात, “माझ्या पोरीचं इचारायचं राहून गेलं, तिचा दोष न्हाई.” हे मला तीन-चार जणांनी सांगितलं. दर वेळी मी डायरीत लिहिलं, की बाईंना खरं सांगायला हवं. तुमच्या आजारपणात दोनदा आले, दोन्ही वेळा पेरू घेऊन आले आणि पावसापाण्याचं बोलून गेले. तुमच्या मातीला आले नाही. कॉलेजात तपासणी होती, हे खरं आहे, पण रजा मिळाली असती.

तर बाई, मी विचारलं होतं. पत्रिका लावल्या त्याच संध्याकाळी. ती शाळेजवळच्या हातपंपावर घागर भरत होती. मी म्हणाले, दोन्हीकडे खुणा का केल्यास गं? तिनं दांडा सोडला नाही, दांडा मारता मारताच म्हणाली, “हितं असलं की मैतरनी हायेत. तिकडून आलं की न्हाईत. आलं की म्होरचे दोन म्हयने कुणी बोलतच न्हाई, मंग बोलतेत, की लगी निगायचं. मंग होय लिहू का न्हाई लिहू?” आणि मग दांडा धरून थांबली. “ताई, चुकलं का माझं?” मी म्हणाले, नाही, बरोबर आहे. तिनं घागर डोक्यावर घेतली आणि खूश होऊन गेली. तुम्ही जन्मभर जे ओळखून होतात आणि ज्याचा तुम्हाला लेखी आधार हवा होता, ते तिनं एका घागरीच्या वेळात सांगितलं होतं. ते माझ्या हाती होतं. मी व्हरांड्यात परत आले आणि अकराही पत्रिका बाद केल्या.

तिनं नंतर हे तुम्हाला सांगितलं होतं का, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो. सांगितलं असेल तर त्या माफीचा अर्थ काय, ते मला अजून कळत नाही.

उद्या त्या विद्यार्थिनीला, दोन खुणा का केल्या ते विचारायला, सात पोरांकडे परत पाठवणार आहे. ती विचारेल, मॅडम, तुमच्या प्रबंधाच्या वेळी तुम्ही विचारलं होतंत का? तिला काय उत्तर द्यायचं ते ठरवायला म्हणून आज ट्रंकेतून जुना गठ्ठा काढला. हातपंपावरच्या त्या मुलीची पत्रिका वरच होती. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी तेव्हाही एकच रेघ मारली होती, खालचं सगळं वाचता येतं. शेजारी त्या दिवशीची डायरीही उघडून ठेवली. तिच्यात लिहिलंय, ‘बाद लिहिताना हात थरथरला.’ इतकी वर्षं मी त्या वाक्याच्या आधारावर स्वतःला बरी समजत आले. आता दोन्ही शेजारी ठेवून बघते आहे. पत्रिकेवर लिहिलेल्या ‘बाद’चं अक्षर सरळ आहे, बाई. रेघही सरळ आहे. हात थरथरला नव्हता.