पहिलीच्या शास्त्रातल्या रेघा

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी “आपण मागे काय ठेवून जाणार” या विषयावर पाऊण तास उपदेश केला आणि दाखला म्हणून माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं पवित्र शास्त्र, म्हणजे तिचं बायबल, उंच धरून मंडळीला दाखवलं. बाई जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाली. मी दुसऱ्या रांगेत बसले होते, जिवंत. माझ्याकडे कोणी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. ज्या खुर्च्यांवर बसून सगळे माना डोलवत होते त्या मी विणलेल्या आहेत, हेही कोणाला आठवलं नाही. घरी आले, चहा केला आणि वकिलांना निरोप धाडला.

मी खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा वेताच्या खुर्च्या विणण्याचा, शिक्षण दुसरी नापास, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहिते. नात शेजारी बसून शुद्धलेखन सुधारते आहे, मजकूर नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासताना मला आजची तारीख विचारली, ती मी सांगितली, आणि त्यांच्या खुर्चीचा मागचा पाय निखळत आलाय तेही सांगितलं. त्यांनी दाखला दिला. आत्मा ज्याने दिला त्याच्याकडे जाईल, त्याची सोय तो बघेल. बाकीची मी करते.

कलम पहिलं, घर. दोन खोल्या आणि पुढची कामाची खोली, आमचे हे वारल्यावर सगळं माझ्या नावावर झालं. त्याचे दोन सारखे वाटे करावेत. एक थोरल्याला, म्हणजे पहिलीच्या मुलाला, आणि एक धाकटीला, म्हणजे माझ्या पोटच्या मुलीला. सावत्र हा शब्द वकिलांनी कच्च्या मसुद्यात दोनदा घातला होता, तो मी दोन्हीकडे खोडला आहे. आतल्या खोलीत पहिलीचा फोटो आहे. शेहेचाळीस वर्षं दर शनिवारी त्याची धूळ मी पुसली. पुसताना तिच्याशी काय बोलले ते कलमात घालण्यासारखं नाही. फोटो काढू नये. माझा लावायचा झाल्यास तिच्यापेक्षा एक बोट वर लावावा.

कलम दुसरं, हत्यारं. सुरी, आरी, लाकडी खुंट्या आणि वेत भिजवायची बादली नातीला. तिचा हात माझ्यासारखा आहे, तोंडही. वेत अर्धा तासच भिजवावा. जास्त भिजवला तर हातात नरम लागतो आणि पुढे दगा देतो. उदाहरणादाखल घरात जावई आहेच.

कलम तिसरं. बँकेत जे असेल त्यातून माझं दफन साधेपणाने करावं आणि उरेल ते धाकटीला द्यावं. लहानपणी तिला मी हात राखून दिलं. लोक टपून बसले होते, सावत्र पोराला उपाशी ठेवून स्वतःच्या पोरीचे लाड करते का ते बघायला. दुधावरची साय रोज थोरल्याच्या वाटीत गेली. धाकटीला अजून वाटतं की माझा जीव त्याच्यावर जास्त होता. होता.

कलम चौथं, शास्त्र. यासाठीच बाकीचं सगळं लिहिलं.

मी लग्न करून आले तेव्हा ते फळीवर कापडात बांधलेलं होतं. हे म्हणाले, तिचं आहे, जपून. थोरला चार वर्षांचा होता. मला काकू म्हणायचा, अजूनही म्हणतो. मला अक्षरं ओळखता यायची, जोडाक्षर आलं की पाय अडकायचा. दुपारी वेत भिजत टाकला की मी ते शास्त्र उघडायचे आणि बोट ठेवून वाचायचे. जो शब्द लागत नसे त्याच्याखाली खुर्चीवर खुणा करायच्या पेन्सिलीने रेघ ओढायचे. पोरगं शाळेत जायला लागलं, वाचायला लागलं, तेव्हा त्याच्यापुढे शास्त्र धरायला लागले. सहा वर्षांच्या मुलाला मला वाचता येत नाही हे कसं सांगायचं? मी म्हणाले, “तुझ्या आईने खूण केली आहे. वाच मोठ्याने.”

त्याने वाचलं. रोज वाचलं, पालथ्या बादलीवर बसून, अकरा वर्षं. एकदा त्याने विचारलं, “काकू, आईला हा शब्द का आवडायचा?” मी म्हणाले, पुढे वाच.

आता तो मंडळीत मुलांना शास्त्र शिकवतो आणि सगळ्यांना सांगतो, आईने खुणा करून ठेवल्या म्हणून मी प्रभूकडे आलो. पाळकसाहेबांनी तर एक अख्खा रविवार समजावून सांगितलं की त्या भक्त स्त्रीने नबुखद्नेस्सर या नावाखाली रेघ का ओढली असेल. गर्विष्ठ राजाचा पाडाव, म्हणाले. बायकांनी डोळे पुसले. साहेब, तो शब्द मला वाचता येत नव्हता. आज लिहितानाही नातीने पुस्तक पुढे धरलं आहे.

म्हणजे तिला संत मीच केलं आणि मग जन्मभर तिच्यावर जळले. मत्सर हे पाप आहे, ठाऊक आहे. तोही शब्द मला थोरल्यानेच वाचून दाखवला होता.

हे आधी का नाही सांगितलं? सुरुवातीला लाज वाटली. पुढे वाटलं, पोराकडे आईचं दुसरं आहे काय. आणि आता तो पन्नास वर्षांचा माणूस आहे, चारचौघांत भाषणं करतो. पण देवापुढे उभी राहीन तेव्हा हे ओझं पदरात नको. माझा वारसा दुसऱ्या बाईच्या नावावर लागलेला मला चालणार नाही. एवढी चांगली मी नाही.

तिच्या स्वतःच्या रेघा चार आहेत, स्तोत्रांत, पट्टी लावून ओढलेल्या. वाकड्या तेवढ्या सगळ्या माझ्या. एकदा खोडरबर घेऊन बसले आणि तिची एक रेघ अर्धी पुसली. मग माझंच मला बरं वाटेना, म्हणून पट्टी लावून पुन्हा ओढली. तेव्हा तिच्या साडेतीन धरा. शास्त्र थोरल्याला द्यावं. पाळकसाहेबांनी हे कलम मंडळीपुढे वाचू नये, त्यांची अब्रू मी राखते. त्या राजावरचा उपदेश मात्र पुन्हा करू नये.

ठिकाण: माझी कामाची खोली. दिनांक: ११ ऑक्टोबर, मंगळवार.

सही: केली आहे, जोडाक्षरासकट.

साक्षीदार: १. शेजारचे घड्याळजी. २. वकिलांच्या कचेरीतल्या टंकलेखक बाई. दोघांनाही यात काही ठेवलेलं नाही, म्हणूनच ते साक्षीदार होऊ शकतात. घड्याळजी थोडे नाराज दिसले.

पुरवणी. सह्या झाल्यावर सुचली. वकील म्हणाले, तिघांनाही पुन्हा सही करावी लागेल. केली. दफनभूमीच्या दारात कारकून वही उघडून बसलेला असतो. आत सोडण्याआधी विचारतो, मयत तुमची कोण, आणि सांगाल ते शाईने लिहितो. माझ्या वेळी धाकटीने पुढे होऊ नये, ती सगळीकडे आधी बोलते. जावयाने बोलू नये, पाळकसाहेबांनी तर नाहीच. मला खांद्यावरून खाली ठेवावं आणि सगळ्यांनी गप्प उभं राहावं, लागेल तितका वेळ. उत्तर थोरल्याने द्यायचं आहे.