बाटल्यांत भरलेलं पाणी

आये, तुला जाऊन लई वर्षं झाली. आज लिहायला बसले ते तुझ्याच एका सवयीपायी. बाप पिऊन आडवा झाला की तू त्याची बाटली निम्मी मोरीत ओतायचीस आन वरून पाणी भरायचीस. मी दारात उभी. "बघती काय? सरक तिकडं," म्हणायचीस. त्याला कधी कळलं न्हाई. तिसरीतून शाळा सोडवलीस, मग दुसरं शिकणार तरी काय मी.

माझी नात समुद्राचं शिकते. आपल्या नेकनूरपासून समुद्र कुठं, पण गेली. उन्हाळ्यात कोकणातून विद्यापीठात जाताना दोन दिवस घरी थांबली, फ्रीजात एक डबा ठेवला. मी भाकरी थापतेय आन ती सांगतेय, खडकाला चिकटून राहणारी जनावरं असतात, दिसायला फुलं, पोवळ्याच्या भावकीतली. त्यांच्या अंगात शेवाळ राहतं, पिठाच्या कणाहून बारीक. ते उन्हावर अन्न करतं आन जनावराला खाऊ घालतं.

"म्हणजे भाडेकरू," मी म्हणलं.

"भाडेकरूच रांधतो, आजी."

"आन घरधनी?"

"बसून खातो."

"मग एवढ्या लांब कावून गेलीस? आपल्या गल्लीत लई हायेत."

ती हसली. म्हणाली, शेवाळ दिसायला सगळं सारखं, पण त्यात वाण वेगळे. समुद्र तापला की काही वाण टिकत न्हाईत, जनावर पांढरं पडतं, उपाशी मरतं. काही वाण ताप सोसतात. कुठल्या खडकावर कोणते वाण, ते डोळ्यानं कळत न्हाई, जनावराचा तुकडा तपासावा लागतो. तुकडे डब्यात हायेत, हे पण तिनं सांगितलं असंल. मी भाकरी उलटत होते.

दुसऱ्या दिवशी ती मांजरसुंब्याला मैत्रिणीकडं गेली. मी दह्यासाठी फ्रीज उघडला. डब्यात बोटाएवढ्या बाटल्या. एक हुंगली, तर दारूचाच वास. तळाला काहीतरी तपकिरी. मला वाटलं, पोरगी बाहेर राहून प्यायला शिकली. सगळ्या ओतल्या, तळाचं तसंच ठेवलं, पाणी भरलं, झाकणं लावली. तोच डबा घेऊन ती विद्यापीठात गेली.

ते तुकडे टिकायला घातलेलं स्पिरिट होतं. पाण्यात सगळे सडले, तपासणीत काही निघालं न्हाई. तोवर तिकडं समुद्र तापला आन त्या खडकांवरली जनावरं मेली, आता परत आणायचं म्हणलं तरी न्हाईत. तिचे सर म्हणले, निष्काळजी माणूस मला नको. माझा पोरगा, तिचा बाप, तिला म्हणतो, बास झालं, घरी बस. ती घरी आलीय, बाहेरच्या खोलीत सरांना लिहितेय, स्पिरिट मीच नीट घातलं नसणार.

दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन आले. चूक सांगायला मला जड न्हाई. पण ती विचारणार, "आजी, कावून ओतलं?" मग सांगावं लागंल, तुला दारुडी समजले म्हणून. पाण्याचं ती सोडून देईल. हे सोडणार न्हाई.

हा कागद कुठं धाडायचा न्हाई. तुला अक्षर येत न्हवतं, म्हणून तुला लिहिलं. तिला येतं.