ड्रममधलं मीठ

१२ मार्च २०२५
मेल्याला सोडणार नाही मी! हॉस्पिटलच्या हॉलमध्ये आज हा मोठा बोर्ड लागला – ‘औषधासोबत बाग. संकल्पना : डॉ. मुकुल.’ संकल्पना म्हणे! तीन वर्षांपूर्वी लॉन्ड्रीमागचा उकिरडा उपसला कोणी? मी. तेव्हा हेच सर म्हणालेले, ‘सिस्टर, हे हॉस्पिटल आहे, नर्सरी नाही.’ पेशंटच्या केसपेपरवर गोळ्यांच्या खाली ‘बागकाम – अर्धा तास’ एवढं लिहायला हातापाया पडले मी त्यांच्या. आता दोन एप्रिलला आरोग्य खात्याची कमिटी बाग बघायला येतेय. पसंत पडली तर आसपासच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत असं सुरू करणार. आणि माझं नाव कुठ्ठेच नाही.

१३ मार्च
तोंडावर विचारलं. ‘अगं रसिका, टीमवर्क असतं हे.’ टीमवर्क! थांब, दाखवते.

१७ मार्च
सुचलं! बाबा जन्मभर मिठागरात राबले. मिठाने झाड कसं जळतं हे मला कुणी शिकवायला नको. बागेतल्या पाण्याच्या ड्रममध्ये आज तीन किलो खडेमीठ ढवळलं. रोज थोडं थोडं टाकत राहणार.

पाणी घालतात गोविंदाकाका, मोहनेहून येतात. बायको, विमलाबाई, गेल्यापासून जेवणं-बोलणं सोडलेलं त्यांनी. गोळ्यांनी काही फरक नाही. मग केसपेपरवर लिहून घेतलं – ‘सकाळी दोन बादल्या पाणी.’ चार महिन्यांत माणूस चक्क माझी चेष्टा करायला लागला! त्यांना काय कळणार आहे? ते आपले केसपेपरप्रमाणे ओततील.

२२ मार्च
भेंडीच्या पानांच्या कडा करपल्या. सर घामाघूम. ‘सिस्टर, हे काय होतंय?’
‘ऊन, सर.’
अहाहा! किती दिवसांनी पोटभर जेवले.

२६ मार्च
टोमॅटो गेले, झेंडू माना टाकून. काका आज तासभर आधी आले. दोनाच्या चार बादल्या ओतल्या. ‘सिस्टर, माझंच काही चुकतंय का ओ?’
‘नाही हो काका, ऊन फार आहे.’
जरा कसंतरी झालं. पण आता माघार नाही. आठवडाच राहिलाय.

२ एप्रिल
कमिटीतल्या बाईंनी काटक्यांकडे बघून विचारलं, ‘हीच का बाग?’ ‘ऊन, मॅडम,’ सर म्हणाले! मी पहिल्या रांगेत. दुपारी बोर्ड उतरवला. बाग बंद, तिथे आता गाड्या लागणार. लागू देत! येताना स्टेशनजवळ दोन प्लेट वडे खाल्ले, एकटीने.

३ एप्रिल
काका आले नाहीत.

७ एप्रिल
आजही नाहीत. घरी फोन केला. नातीने उचलला, सान्वीने. ‘आजोबा परत जेवत नाहीत, सिस्टर. आजीची तुळस शेजारच्यांना देऊन टाकली. म्हणाले, माझ्या हाताने हीपण मरेल.’
मीठ मी टाकलं, एवढंच सांगायचं होतं.
‘ऊन फार आहे गं,’ मी म्हणाले, आणि फोन ठेवला.