आधी तुम्ही, मग ब्रेक

प्रिय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. तुमच्या यजमानांनी आणि आमच्या ह्यांनी मिळून आमच्या गाडीला घरच्या घरी ब्रेक पॅड बसवले, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. (फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवरचं बोलणं फाटकापर्यंत ऐकू जातं.) तुमची प्रकृती ठणठणीत असल्याचं जावयांकडून कळलं. ते जरा अडचणीचंच झालं. का, ते शेवटी लिहिते.

लेकीचे, म्हणजे तुमच्या सुनेचे, दिवस भरत आलेत. दवाखाना पाऊण तासावर. कळ आली की गाडीत बसायचं, चर्चा करायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. गाडी मी चालवणार. ब्रेक दाबला की कर्रकन आवाज यायचा, म्हणून मी मंगळवारी मेकॅनिकला बोलावलं होतं. व्याह्यांनी त्याला परस्पर नको म्हणून कळवलं. ‘‘अहो, चार बोल्टचं काम, आपण घरीच करू!’’ आणि ज्यांनी उभा जन्म विम्याच्या कचेरीत दुसऱ्यांच्या अपघातांचे अर्ज तपासले ते आमचे हे, ‘‘वा, वा!’’ करत जॅक शोधायला धावले.

पहिला तास पहिला बोल्ट कोणी काढायचा यात गेला. ‘‘आधी तुम्ही.’’ ‘‘छे छे, मान तुमचा.’’ (गाडी तीन चाकांवर, आणि शेजारी मानपान!) शेवटी पुढचं डावं चाक व्याह्यांनी घेतलं, उजवं ह्यांनी. चहा चार वेळा झाला. तो मी केला, त्यात ‘आधी तुम्ही’ कोणी म्हणालं नाही.

संध्याकाळी हे स्वयंपाकघरात आले, दार लोटून घेतलं आणि कुजबुजले, ‘‘अगं, व्याह्यांनी आतलं पॅड उलटं बसवलंय. पत्र्याची बाजू चकतीला घासणार.’’ मग सांगितलं का नाही? ‘‘असं कसं सांगणार? व्याही आहेत ते!’’ हे गेले, तोच व्याही पाणी प्यायला आले. ‘‘विहीणबाई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या ह्यांनी एक बोल्ट नुसता हाताने फिरवून सोडलाय. पोरीला त्या गाडीत बसवू नका. आणि मी सांगितलं असं म्हणू नका.’’ त्यानंतर दोघं अंगणात खुर्च्या टाकून एकमेकांच्या कामाची तारीफ करत बसले.

दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिकला आणलं. त्याने डावं चाक काढलं, कपाळाला हात लावला आणि विचारलं, हे कोणी केलं? दोघंही एकदम म्हणाले, ‘‘मी.’’ उजव्या चाकालाही तेच. ‘‘काकू,’’ तो मला म्हणाला, ‘‘एकट्याच्याने इतकं होत नाही.’’

गाडी आता नीट थांबते. पण काल दोघं वाकून मागच्या चाकांकडे बघत होते.

तुमची,
विहीण

ता. क. तुम्हाला बरं नाही असं मी व्याह्यांना सांगितलंय. ते संध्याकाळच्या बसने निघताहेत. तेव्हा ते पोचायच्या आत कृपा करून आजारी पडा, आणि बाळ घरी येईपर्यंत बऱ्या होऊ नका. पाठदुखी ठीक राहील, ती कोणाला तपासता येत नाही.

ता. क. २. लिहू नये, पण लिहिते. पॅड उलटं जातंय हे मला खिडकीतून त्याच क्षणी दिसलं होतं. मी दोनदा तोंड उघडलं, आणि चहा घेणार का विचारलं. व्याह्यांना कसं सांगायचं हो?

सकाळच्या बसने, जावयांच्या हाती: हे पत्र. उलटं बसवलेलं पॅड, एक, फडक्यात गुंडाळून (उपयोगी पडेल तेव्हा दाखवावं).

संध्याकाळच्या बसने: व्याही, एक. आमचे हे, एक (तुमच्या तब्येतीची चौकशी करायला, हट्टच धरला). पान्यांची पेटी, कुलूप लावून. किल्ली पाठवलेली नाही.