अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापुरते

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, धंदा फुटबॉलच्या बातम्या लिहिणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. दडपण कोणाचेही नाही. फक्त येत्या सोमवारी छाती उघडायची आहे आणि शस्त्रवैद्य फारच आशावादी आहेत, एवढीच काळजी.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीस. तिने एकतीस वर्षे माझे रविवार सोसले. ही भरपाई नव्हे, पोचपावती समजावी.

कलम २. न्यायशास्त्राचे ग्रंथ मुलीस. ती ते वाचणार नाही, हे अनुमानानेच सिद्ध आहे. निदान धूळ झटकावी.

कलम ३. दुर्बीण कोपऱ्यावरच्या न्हाव्यास. त्याच्या दुकानात नऊ वर्षे एकच खटला चालू आहे. अंतिम सामना, आपण एका गोलने पुढे, अठ्ठ्याऐंशीवे मिनिट. आपल्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला म्हणून पंचांनी पेनल्टी दिली. लागला की नाही? टीव्हीवर कितीदाही पाहा, बचावपटूची पाठच दिसते. त्यात प्रशिक्षकाने ऐन वेळी गोलकीपर बदलला. नवा उजवीकडे झेपावला, चेंडू डावीकडून आत. जादा वेळेत आणखी एक बसला. अर्धे दुकान पंचांना शिव्या घालते, अर्धे प्रशिक्षकाला. शेवटी न्हावी वस्तरा थांबवून निकाल देतो, "साहेबांनी छापलंय ना, हात लागला नव्हता म्हणून? मग! त्यांनी पाहिलं असणारच."

कलम ४. पाहिले नव्हते. त्या मिनिटाला मी मान खाली घालून विजयाचा वृत्तांत लिहीत होतो. अकरा परिच्छेद झाले होते, त्यांतले तीन खरोखर चांगले. शिट्टी ऐकून वर पाहिले, तोवर पंच पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवत होते. सामना संपला तेव्हा मजकूर पाठवायला चार मिनिटे उरली होती. स्तुती तशीच ठेवून पराभव सांगायचा, तर अन्याय झाला म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते. दोन ओळी बदलल्या. त्या पंचांना पुन्हा मोठा सामना मिळाला नाही.

कलम ५. धाकटा भाऊ त्या दिवशी गोलामागे तिसऱ्या रांगेत होता. दुसऱ्या दिवशी याच खोलीत म्हणाला, "दादा, माझ्या डोळ्यांदेखत लागला रे हात. बोंब मारायचीच तर गोलकीपर बदलणाऱ्याच्या नावानं मार." मी भरल्या घरात म्हणालो, "आधी चष्म्याचा नंबर तपासून ये, मग मला फुटबॉल शिकव." सगळे हसले. त्याने चहा अर्धा टाकला. नऊ वर्षे या घराची पायरी चढला नाही.

त्यास मी काहीही देत नाही. वकीलबाई म्हणतात, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार न होणे बरे. आणि मला साक्षीदार तोच हवा. सहीला तरी इथे यावेच लागेल. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते म्हणे. याने वाचावा. कलम ४ मोठ्याने.

कलम ६. कलम ४ ची प्रत संपादकांकडे गेली आहे. मूळ बातमीच्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, या रविवारी छापायची आहे; म्हणजे न्हाव्याला तोंड दाखवायला मी एक दिवस तरी असेन. मरून कबूल करायला फारसे धैर्य लागत नाही.

ठिकाण : बैठकीची खोली. गुरुवार, ९ मार्च, दुपारी चार.

मृत्युपत्र करणार : (सही)

साक्षीदार १ : शेजारचे दंतवैद्य (सही)

साक्षीदार २ : धाकटा भाऊ (सही)

साक्षीदार २ च्या हातची नोंद : वाचले. मोठ्याने. दादाने दोनदा उच्चार सुधारले. चहा संपवला. सोमवारी त्याला मीच घेऊन जाणार. ऐन वेळी डॉक्टर बदलू देणार नाही.