काळविटांची खिंड

प्रिय वीरेश,

अक्काचं पत्र पाहून तुला आधी हसू येईल. या जमान्यात पत्र, तेही एसटीच्या कंडक्टरच्या हाती, कोण पाठवतं! पण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर दोन निळ्या खुणा दाखवून तू गप्प बसला असतास, आणि फोन तर तू दिवाळीपासून उचलत नाहीस. अक्षर वाकडंतिकडं आलंय, सांभाळून घे. गुरुवारी दुकानात दोन माणसं येऊन गेली, तेव्हापासून मी महादेवीला शाळेत पाठवलेलं नाही. तुझ्या दाजींना सांगितलंय, पोरीच्या अंगात कणकण आहे. ते बिचारे तिच्यासाठी संत्री घेऊन आले आणि ती खुशाल ओसरीवर दोरीच्या उड्या मारत होती.

तुझे दाजी कसे आहेत ते तुला माहीत आहे. पाल दिसली की खुर्चीवर चढून मला हाका मारणारा माणूस. तो माणूस आता खिंडीत जेसीबीसमोर जाऊन उभा राहतो. किराण्याचं दुकान मी सांभाळते, आणि तिकडून कुणी पळत येताना दिसलं की माझ्या हातातला तराजू खाली राहत नाही, वर राहत नाही.

खिंड तुला आठवत असेलच. माझ्या लग्नानंतर तू पहिल्यांदा घाटनांदूरला उतरून आमच्या गावी आलास, तेव्हा दाजींनी तुला गाडीवर बसवून तिकडे नेलं होतं. ऊन कलल्यावर काळविटांचा कळप एका डोंगरातून उतरून खिंडीतून तळ्याकडे जातो, पाणी पिऊन पलीकडच्या डोंगरात चढतो, आणि त्यांच्या मागावर लांडगे असतात. लांडगा दिसल्याबरोबर तू दाजींचा शर्ट घट्ट धरलास, आणि घरी येऊन मला सांगितलंस की दाजी फार घाबरले होते. आम्ही दोघं किती दिवस हसत होतो तुला!

यंदा नागपंचमीला तू लातूरहून मित्रांना घेऊन आलास. मी दिंडं केली, तुम्ही पोटभर जेवलात, आणि मग तू त्यांना खिंड दाखवायला घेऊन गेलास. मला वाटलं, हरणं दाखवतोयस. दसऱ्यानंतर तिथे चुन्याच्या रेघा पडल्या, खांब रोवले गेले आणि फलक लागला, ‘निसर्गछाया नगरी’. फलकावर पाडसासह हरणीचं चित्र आहे. खाली ज्याचा नंबर आहे, त्याला मी माझ्या हाताने दिंडांवर तूप वाढलं होतं. दोन्ही डोंगर वनखात्याचे आहेत, मधली खिंड नाही, म्हणून तिथे चारी बाजूंनी भिंत बांधून घरं करता येतात, असं ते म्हणतात.

चूक आमच्या गावाचीही झाली. खांब रोवल्यावर कळप बुजला आणि तुरीत घुसला. मग ज्याने त्याने आपापल्या रानाभोवती जुन्या साड्या बांधल्या. इकडची रीतच आहे ती, साडी फडफडली की हरीण बिचकतं. मीही माझी एक इरकल दिली. पण सगळ्यांनी एकदम बांधल्या आणि खिंडीतली वाट आमची आम्हीच बंद करून टाकली. कळप वस्तीतून जाऊ लागला, त्याच्या मागे लांडगे आले, आणि आसारामच्या तीन शेळ्या गेल्या. आसाराम म्हणजे आमच्या दुकानापुढे बिडी ओढत बसतो तो. डोळे पुसत म्हणाला, “वैनी, मला लांडग्याचा राग न्हाई. आपनच त्येला घरात घेतलंय.” पण फलकवाली माणसं दुसऱ्याच दिवशी हजर झाली. बघा, म्हणूनच भिंत पाहिजे, म्हणाली. अर्ध्या गावाला ते पटलंसुद्धा.

मग तुझे दाजी साड्या सोडा म्हणत दारोदार फिरले. लोकांनी वेड्यात काढलं त्यांना. पहिली साडी सोडली वत्सलाबाईने. तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेत, नातवंडं तिच्याजवळ आहेत. ती म्हणाली, “भित बांदली तर लांडगं कुटून जातील? माज्या दारातूनच की. लेकरं घिऊन मी एकली हाय हितं.” तिचं ऐकून बाकीच्या बायकांनी सोडल्या. आठ-पंधरा दिवसांत कळप पुन्हा खिंडीतून जायला लागला. मी स्वतः पाहिला, आणि खरं सांगते, मला रडू आलं.

येत्या सोमवारी ग्रामसभा आहे. नगरीला हरकत नाही, असा ठराव मांडणार आहेत. आणि तो आत्ताच, अर्धं गाव उसाच्या फडात असताना. आमचं गाव केव्हा रिकामं असतं हे बाहेरच्याला कसं कळलं, म्हणून दाजी अजून डोकं खाजवतायत. मी काही बोलले नाही. त्यांनी टोळ्यांच्या मुकादमांना फोन करून करून लोकांना एका दिवसासाठी बोलावून घेतलंय. टेम्पो ठरलेत. वत्सलाबाईचा मुलगा येतोय. सभेत उभं राहून बोलणार मात्र एकटे तुझे दाजी. ते बोलले नाहीत तर कुणीच तोंड उघडणार नाही, हे त्या लोकांनाही ठाऊक आहे.

गुरुवारी दुपारी ते दोघं आले तेव्हा दाजी माल आणायला अंबाजोगाईला गेले होते. माणसं अगदी सभ्य. पाणी मागून प्यायले. एकजण म्हणाला, “ताई, सोमवारी दाजींना बाहेरगावी धाडा. लई धावपळ करायलेत, तब्येतीला बरं न्हाई.” दुसऱ्याने बरणीतलं चॉकलेट घेतलं, पैसे दिले आणि चॉकलेट परत माझ्याच पुढ्यात ठेवलं. “भुंगीला द्या. शाळंच्या वाटंवर एकलीच दिसती कवाकवा.” मी मान हलवली. ते गेल्यावर दुकान उघडं टाकून मी शाळेकडे पळत सुटले, पायात चप्पल नव्हती हे शाळेत गेल्यावर कळलं.

दाजींना हे सांगितलं तर ते सोमवारी घरात बसतील, आणि एवढ्या लांबून आलेले लोक मुकाट माघारी जातील. नाही सांगितलं, आणि पोरीला काही झालं, तर मी काय करू? दोन दिवस मी हाच विचार करतेय. पण वीरेश, पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. शाळेत ती महादेवी आहे. माझ्या सासूबाईंचं नाव, मला तोंडाने घेता येत नाही, म्हणून मी तिला बाई म्हणते. गावात ती वाण्याची पोर. भुंगी तिला फक्त आपल्या आप्पांनी म्हटलं, आणि आप्पांच्या मागे आईने आणि तू. आई तर पाय मोडल्यापासून खाटेवर आहे, तिच्याकडे कोण येतं? पोर घाबरली की तिला मामाकडे पाठवतात. माझ्याही मनात तेच होतं, सभा होईपर्यंत तिला तुझ्याकडे ठेवावं. बुधवारीच मी तिची पिशवी भरली होती. ती गुरुवारी रिकामी केली. आता तिला कुठे पाठवू, तूच सांग.

तुझीच,
अक्का