निळा ठिपका

सोमवार, ३ मार्च

पाळकसाहेब म्हणाले, "क्षमा एकदा करून भागत नाही, ताई. आंघोळीसारखी रोज करावी लागते." म्हटलं, बघू तर करून. आजपासून रोज सकाळी गुडघे टेकून मोठ्याने म्हणायचं – प्रभू, आज मी दादाला क्षमा करते. आणि टिकली का ते इथे लिहायचं.

आज दुपारपर्यंत टिकली. मग आई आठवली. अकरा वर्षं झाली. आई त्याच्या घरी वारली आणि मला कळवलं तीन दिवसांनी, माती दिल्यावर! "तुला बघून तिचा जीव अडकला असता," म्हणे. सख्खा भाऊ माझा.

मंगळवार, ४ मार्च

केली. चहा होईपर्यंतसुद्धा टिकली नाही.

गुरुवार, ६ मार्च

आज नवीन काम आलं. आमच्या लॅबमध्ये ज्यांचे नकली दात करायला येतात त्यांचं नाव कळत नाही. डेंटिस्टकडून तोंडाचं माप येतं, त्यावर नंबर. मी मापात प्लास्टर ओतलं, वाळल्यावर जबडा बाहेर काढला. वरचे सगळे दात नवे करायचेत, खालचे त्याचे स्वतःचे आहेत. खालचा पुढचा दात तिरका तुटलेला. डावा सुळा शेजारच्यावर चढलेला.

हा दात मी तोडलाय. सात वर्षांची होते, रागाने फाटकाला लाथ मारली, पलीकडे दादा होता. आईला म्हणाला, पडलो. माझं नाव घेतलं नाही. असो.

संध्याकाळी निघताना जबडा कपाटात तोंड फिरवून ठेवला.

शुक्रवार, ७ मार्च

काम काकांना द्यायला हवं होतं. काका म्हणजे आमच्या लॅबमधले जुने कारागीर, त्यांच्याच हाताखाली मी शिकले. नाही दिलं. काकांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, एक दाढ केसभर उंच राहिली की माणूस घासाघासाला रडतो.

केसभर. दिवसभर हाच शब्द डोक्यात. कबूल करते – गोड वाटला. सकाळी केलेली क्षमा दुपारी पुन्हा केली. जेवणाच्या सुट्टीत रोज टेबलाशीच डोळे मिटून प्रार्थना करायची असं ठरवलं. त्याच्याचसाठी.

मंगळवार, ११ मार्च

काल सकाळी दात मेणात बसवले. दोन्ही जबड्यांमध्ये निळा कागद धरून टकटक केलं – उंच दात असेल तिथे निळा ठिपका उमटतो. सगळीकडे सारखा होता. आज सकाळी पाहिलं तर डाव्या दाढेवर गडद ठिपका! सुरी तापवून दाढ मेणात आत दाबली. उकाड्याने मेण सरकलं असेल.

पण उकाड्याने दाढ मेणात आत रुतेल. बाहेर कशी येईल?

बुधवार, १२ मार्च

पुन्हा. तीच दाढ.

भोवतीचं मेण नव्याने गुळगुळीत केलेलं. कडेला नखाएवढी चंद्रकोर. सुरी उचलताना डावीकडे वळवायची माझी खोड आहे, त्याने उमटते. काका त्यावरून मला हसतात. दुसऱ्या कोणाच्या कामात ती दिसत नाही.

कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते.

गुरुवार, १३ मार्च

काकांना विचारलं, माझ्या कामाला कोणी हात लावतं का. म्हणाले, "अहो ताई, असं काय करता? सुट्टीत रोज तुम्हीच बसता की त्यावर. डोळे मिटलेले, ओठ तेवढे हलतात. हाक मारली तरी ओ नाही. म्हटलं, एवढं मन लागलंय तर कशाला छेडा."

सुट्टीत मी प्रार्थना करते. हात मांडीवर असतात. असतात असं मला वाटत होतं.

शुक्रवार, १४ मार्च

काकांना म्हटलं, प्रार्थना संपेपर्यंत माझे हात धरून ठेवा. आधी हसले, मग धरले. मध्येच सोडले. मनगटं चोळत म्हणाले, "केवढा जोर लावता हो." मी तर 'त्याला सुखात ठेव' एवढंच म्हणत होते.

दाढ बरोबर करून दुपारीच मेणाच्या जागी कडक गुलाबी प्लास्टिक भरून दात पक्के करून टाकले. आता मेणच नाही. भीती गेली.

शनिवार, १५ मार्च

तीनदा कागद लावला. ठिपका नाही! प्रभू, जिंकले. काका आज रजेवर होते, लॅबमध्ये मी एकटीच. दात डब्यात ठेवले, झाकण लावायच्या आधी डोळे मिटून आभार मानले. मग डबा बांधून पाठवून दिला.

उठताना एप्रनवर बारीक गुलाबी-पांढरी भुकटी दिसली. आमच्या धंद्यात ती असतेच. झटकून टाकली.

रविवार, १६ मार्च

क्षमा केली. दिवसभर टिकली. उपासनेत मोठ्याने गायले.

गुरुवार, २० मार्च

डेंटिस्टचा फोन. "तुम्ही केलेले दात घालून ते पेशंट आले होते. डावीकडे हिरडी सोलवटून रक्त आलंय. म्हटलं, बाकीचे दात जास्त घासले गेलेत, दाढ उंच राहिली, परत पाठवतो. तर दात काढून देईनात. म्हणाले, दातांचा काही दोष नाही, मी पडलो. मापं घेतली तेव्हाही, तुमच्याचकडे पाठवा म्हणून अडून बसले होते. ओळखीचे आहेत का?"

भाऊ आहे म्हटलं. पत्ता घेतला. लाज वाटते. सतरा दिवस ऐटीत क्षमा करत होते. मागायची होती.

दाढ घासायला लहान कानस पर्समध्ये टाकली आहे. आत्ताच निघते. वाटेत प्रार्थना करीन – डोळे उघडे ठेवून, दोन्ही हातांकडे बघत.